मीटरचा रंग बल्बात नसतो

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या जुन्या गाडीच्या मीटरचे हिरवे दिवे निळे करायला निघालो आणि मीटरच काळं करून बसलो. निळ्या एलईडी बल्बांचं दहाचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं. दुपारी अंगणात गाडी लावली, जुने बल्ब होल्डरसकट फिरवून काढले, नवे बसवले आणि पार्किंग लाइट लावून पाहिली. मीटरमध्ये विहिरीत डोकावल्यासारखा अंधार. एका कोपऱ्यात कुठंतरी मळकट हिरवट झाक. काटा कुठं आहे हे मोबाइलचा टॉर्च मारल्याशिवाय कळेना.

दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या घाट रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांनी मीटर खोललंही नाही. माझ्या हातातला उरलेला निळा बल्ब पाहिला आणि म्हणाले, "रंग बल्बात नाही राहत बाप्पा, मागच्या पन्नीत राहते. हिरव्या पन्नीतून निळा उजेड कसा येईन?"

पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

जुन्या गाड्यांच्या मीटरमागे साधे छोटे बल्ब असत, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत आजही आहेत. पितळी टोपी नसलेले, नुसत्या काचेचे, पाचरीसारख्या चपट्या बुडाचे. बाजारात त्यांना टी-५ आणि त्याहून जाड असेल तर टी-१० म्हणतात. आत तापलेली तार असते. तापलेल्या तारेच्या उजेडात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा सगळं असतं, निळा मात्र कमी. हा पिवळसर पांढरा उजेड हिरव्या पन्नीतून गेला की आपल्याला हिरवा दिसतो. पन्नीने त्यात हिरवा मिसळलेला नसतो. पन्नी रंग देत नाही, बाकीचे रंग खाते आणि हिरवा तेवढा सोडते.

आता निळा एलईडी घ्या. त्याच्या उजेडात जवळपास फक्त निळाच असतो, साधारण ४६५ ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासची अरुंद पट्टी. पन्नीला सोडायला हिरवा हवा आणि बल्बाकडे हिरवा नाही. जे आहे ते पन्नी खाते. उरतो माझ्या मीटरमधला अंधार.

घरी करून पाहायचं असेल तर गणपतीच्या मखरातून उरलेला हिरवा जिलेटिन कागद शोधा. दोनदा घडी घालून मोबाइलच्या टॉर्चवर धरा, हिरवा उजेड पडेल. मग मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण लाल चित्र लावा आणि त्याच कागदातून पाहा. पडदा बंद केल्यासारखा दिसेल.

पांढऱ्या एलईडीची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या आत मुळात निळाच एलईडी असतो आणि त्यावर पिवळं चकाकणारं पावडरचं लेपण. निळ्यातला काही उजेड पिवळ्यात बदलतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे वाटतात. (हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण तो पाकिटाने विकत घेतो.) पांढऱ्या एलईडीत हिरवा असतो, म्हणून हिरव्या पन्नीमागे तो चालतो. पण त्यात निळा जास्त असल्यामुळे पन्नी जर निळसर-हिरवी असेल तर मीटर आधीपेक्षा निळं दिसू लागतं. पन्नी न काढता रंगात थोडा बदल हवा असेल तर एवढ्यावरच भागतं, आणि बहुतेकांनी इथंच थांबावं असं माझं मत आहे.

आपल्या गाडीत रंग कुठं आहे?

हे आधी पाहायचं, पैसे नंतर खर्च करायचे. मीटर बाहेर काढल्यावर मागून एक होल्डर पाव फेरा फिरवून काढा. काचेच्या बल्बावर रंगीत रबरी टोपी असेल तर नशीब चांगलं. टोपी ओढून काढा, हव्या त्या रंगाचा एलईडी लावा, काम संपलं. बल्बाची काचच रंगवलेली असेल तरी तसंच. काच साधी असेल, तर त्याच भोकातून मोबाइलचा पांढरा टॉर्च मारा आणि समोरून डायल पाहा. आकडे हिरवे उमटले तर रंग डायलमध्ये आहे. आणि मागे होल्डरच नसतील, हिरव्या पाटीवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे-पिवळे चौकोन झाळलेले दिसत असतील, तर ते एसएमडी एलईडी. तो प्रकार वेगळा, त्याकडे नंतर येतो.

डायल म्हणजे एक पातळ प्लास्टिकचा पत्रा. पुढून काळी शाई, आकड्यांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या, आणि मागून रंगाचा थर, काकाजींची पन्नी ती हीच. रंग बदलायचा तर हा मागचा थर काढावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हळूहळू पुसायचं, किंवा गोल धारेच्या पात्याने खरवडायचं. ऐकायला सोपं आहे. काकाजींनी मला भंगारातलं एक मीटर दिलं आणि म्हणाले, आधी यावर हात साफ कर. मी अर्धा तास खरवडलं. हिरवा गेला, पण तीन ठिकाणी त्याच्याबरोबर काळी शाईही गेली. मागून दिवा लावला तर साठ आणि ऐंशीच्या मध्ये चांदण्या चमकू लागल्या. दिवसा ते दिसत नाही, रात्री मात्र डोळा दर वेळी तिथंच जातो. काही डायलवर अल्कोहोल लागताच काळी शाईही सुटते, म्हणून एखाद्या कडेला, चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर आधी पुसून पाहायचं.

दुसरी गोष्ट उजेड पसरण्याची. तारेचा बल्ब चहूकडे उजेड फेकतो. मीटरच्या आतली पांढरी भिंत तो पसरवते, म्हणून सगळे आकडे सारखे उजळतात. एलईडी मात्र नाकासमोर उजेड टाकतो. परिणाम असा की बल्बासमोरचा ४० लखलखतो आणि कडेचा १६० विझल्यासारखा दिसतो. बाजूलाही उजेड टाकणारे एलईडी मिळतात, ते घ्यावेत. नाहीतर गोल टोकाच्या एलईडीचं नाक बारीक पॉलिश पेपरवर घासून धुरकट करावं, उजेड बराच पसरतो.

आणि एलईडीला उलट-सुलट कळतं. वायरची प्लस-मायनस बाजू चुकली की तो पेटत नाही. जळत नाही, फक्त गप्प बसतो. होल्डरमधून काढून अर्धा फेरा फिरवून परत खोचला की पेटतो. सगळं बंद करून डॅशबोर्ड आवळण्याआधी मीटरच्या वायरींचा कपलर (प्लग) लावून पार्किंग लाइटवर एकदा पाहून घ्यावं, एवढ्यासाठीच.

बॅटरीच्या लाल दिव्याला हात लावू नका

काकाजींनी मला दुसरा प्रश्न विचारला होता: "बॅटरीचा दिवा पण बदलला काय?"

बदलला होता. पाकिटात दहा बल्ब होते, मग काय. आणि त्या दिवशी सकाळी गाडीने सेल्फ मारायला कुरकुर केली होती, ते मी थंडीवर ढकललं होतं. नागपुरात दिवाळीला अशी किती थंडी असते म्हणा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी फिरवल्यावर लागणारा बॅटरीचा लाल दिवा नुसता निरोप देत नाही. बॅटरीतून निघालेला करंट त्या दिव्याच्या तारेतून डायनॅमोकडे, म्हणजे अल्टरनेटरकडे जातो आणि त्याच्या फिरणाऱ्या गुंडाळीत पहिलं चुंबकत्व निर्माण करतो. त्याशिवाय डायनॅमो नुसता फिरतो, चार्जिंग करत नाही. साध्या बल्बातून यासाठी पुरेसा करंट जातो, एलईडीतून फारच थोडा. मग गाडी चालू असूनही डायनॅमो झोपलेला राहतो. एखाद वेळी रेस जास्त दिली की लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो जागा होतो, नाहीतर बॅटरी रिकामी होत जाते. अलीकडच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्यांत ही भानगड सहसा नसते, पण जुन्या गाडीत या एका जागी तारेचाच बल्ब ठेवायचा.

बाकीच्या इशाऱ्याच्या दिव्यांचे रंगही तसेच ठेवावेत. लाल म्हणजे धोका, पिवळा-नारिंगी म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे अमुक चालू आहे, आणि निळा म्हणजे अप्पर, हेडलाइटचा लांबचा झोत, लागलाय. हे संकेत जगभर सारखे आहेत, आयएसओ २५७५ हे मानक त्यासाठीच आहे. ऑइलचा दिवा निळा केला आणि गाडी घरातल्या दुसऱ्या कुणी चालवायला घेतली, तर त्याला अप्पर लागलाय असं वाटेल आणि तो इंजिन जाम होईपर्यंत गाडी हाकेल.

झाळलेले एलईडी आणि व्होल्टचा हिशोब

आता तांदळाच्या दाण्यांकडे. इथं बल्ब बदलत नाहीत, सोल्डर सोडवून एलईडीच बदलावा लागतो. हे काम शिकलेल्या हाताचं आहे, पण गणित सगळ्यांना कळण्यासारखं आहे, आणि ते कळलं की मिस्त्रीला योग्य प्रश्न विचारता येतात.

प्रत्येक रंगाच्या एलईडीला पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतं. लाल, नारिंगी आणि जुना पोपटी हिरवा यांना साधारण २ व्होल्ट. निळा आणि पांढरा यांना साधारण ३.२. गाडी चालू असताना मीटरपर्यंत १४ च्या आसपास व्होल्ट येतात. समजा तीन लाल एलईडी एकामागे एक माळेत आहेत. त्यांनी ६ व्होल्ट घेतले, उरले ८. हे ८ गिळायला कंपनीने ४०० ओहमचा रेझिस्टर लावला असेल तर माळेतून २० मिलिअँपिअर करंट जातो.

त्याच जागी तीन पांढरे लावले. त्यांनी घेतले ९.६, उरले ४.४. रेझिस्टर तोच, म्हणजे करंट ११ मिलिअँपिअर, जवळपास अर्धा. मीटर मंद. पुन्हा २० हवे असतील तर रेझिस्टर २२० चा लागेल. उलट्या बाजूने केलं, म्हणजे २२० वाल्या पांढऱ्या माळेत लाल बसवले, तर ३६ मिलिअँपिअर जातील आणि ते काही महिन्यांत तापून काळे पडतील. आणि माळ चार एलईडींची असली तर चार पांढऱ्यांनाच १२.८ व्होल्ट हवेत. इंजिन बंद असताना बॅटरीकडे १२ च्या आसपास असतात, म्हणजे इंजिन चालू केल्याशिवाय मीटर नीट लागणारच नाही. "नवा रंग टाकल्यापासून मीटर कधी लागते, कधी नाही" ही तक्रार बरेचदा एवढ्याशा बेरजेची असते. काही मीटरमध्ये रेझिस्टरऐवजी करंट सांभाळणारी चिप असते, तिथं हा हिशोब ती स्वतः करते, पण तिलाही माळेसाठी पुरेसे व्होल्ट उरावे लागतातच.

झाळकामातली एकच बारीक गोष्ट सांगतो, कारण मी ती समोर बसून पाहिली. कारखान्यातलं सोल्डर शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. तेवढं तापेपर्यंत सोल्डरिंगचं लोखंड टेकवलं की एलईडीचं प्लास्टिक आधी पाघळतं किंवा पाटीवरची तांब्याची पट्टी उचकटते. म्हणून काकाजींचा भाचा आधी दोन्ही टोकांना शिशाचं जुनं सोल्डर लावतो. दोन्ही मिसळले की थेंब कमी तापमानाला सैल होतो. मग चिमट्याने एक हलका धक्का, आणि दाणा सरकतो. नव्या दाण्याचा एक कोपरा कापलेला असतो, ती मायनसची बाजू. तो प्रत्येक दाणा भिंगाखाली धरून कोपरा पाहत होता आणि मधूनच चहाचा घोट घेत होता. चाळीस दाणे, दीड तास.

काटा हा या कामातला सगळ्यात नाजूक अवयव. तो पारदर्शक प्लास्टिकचा असतो, उजेड त्याच्या बुडातून शिरतो आणि टोकापर्यंत वाहतो. डायल काढायची तर काटा उपटावा लागतो, कारण तो डायलच्या भोकातून आलेल्या सुईएवढ्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो. दोन चमचे दोन्ही बाजूंनी लावून, खाली डायलवर जाड कागद ठेवून, सरळ वर उचलतात. तिरका ओढला तर दांडा वाकतो. आणि परत बसवताना चार अंश इकडे-तिकडे झालं तर स्पीडोमीटर कायमचं खोटं बोलतं. काढण्याआधी, चावी चालू असताना काटा शून्यावर नेमका कुठं टेकतो त्याचा फोटो घ्यायचा, डायलवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करायची. चावी बंद असतानाची खूण धरू नका, काही गाड्यांत वीज गेल्यावर काटा मन मानेल तिथं विसावतो. काम झाल्यावर मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग आणि मीटरचा वेग, सोबत कुणाला तरी बसवून, एकदा ताडून पाहायचा. कंपनीचं मीटर मुळातच जीपीएसपेक्षा थोडं जास्त दाखवतं. ते कमी दाखवू लागलं तर काटा चुकलाय असं समजायचं.

गाडी दुकानात सोडणार असाल तर मीटरवरच्या किलोमीटरचाही फोटो काढून ठेवा. आकडा मीटरच्या आतल्या चिपमध्येच बऱ्याचदा साठवलेला असतो, आणि मीटर अदलाबदल झालं की तुमच्या गाडीचा इतिहासच बदलतो.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. इथं २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि काचा लावून उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं. अशा दहा उन्हाळ्यांनंतर मीटरच्या चौकटीच्या क्लिपा पापडासारख्या झालेल्या असतात. ओढल्या की तुटतात, आणि मग समृद्धीवर डॅशबोर्ड कुरकुरत राहतो. घाई न करता, प्लास्टिकच्या पट्टीने, एकेक क्लिप. त्याआधी बॅटरीची मायनस वायर काढून थोडा वेळ थांबायचं, एअरबॅग असलेल्या गाडीत तर हमखास.

मग कोणता रंग?

इथं मला जरा आग्रहाने बोलायचंय, कारण निळ्याचं वेड मलाही होतं.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे तेच पाहतात, आणि ते ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सगळ्यात संवेदनशील. दंड अंधारात काम करतात, त्यांचा लाडका रंग ५०७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि झगझगीत निळ्या-पांढऱ्या उजेडाने ती कमाई काही क्षणांत जाते. लाल उजेडाला दंड जवळपास दाद देत नाहीत, म्हणून दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांत आणि विमानांच्या कॉकपिटमध्ये लाल दिवे वापरले जात. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत बरीच वर्षं असलेला नारिंगी मीटर याच विचारातला.

निळ्याची अडचण आणखी एक आहे. डोळ्याचं भिंग सगळे रंग एकाच जागी आणत नाही, निळा पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. शिवाय जिथं आपण सगळ्यात बारीक पाहतो त्या मधल्या बिंदूत निळा पाहणारे शंकूच नसतात. म्हणून निळ्या आकड्यांभोवती धुकं वाटतं, आणि वय वाढेल तसं ते वाढतं. शोरूममध्ये हे कळत नाही. बुटीबोरीच्या पुढे, रात्री अकराला, समोरून अप्पर मारत ट्रक येत असताना कळतं.

मग लालच करावा? तेही मी करणार नाही. लाल मीटरवर लाल इशारा हरवतो. चाळिशीनंतर जवळचे लाल आकडे वाचायला डोळ्याला जास्त ताण द्यावा लागतो. आणि ज्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यांना लाल मीटर मंदच वाटतं. नारिंगी किंवा उबदार पांढरा हा मधला मार्ग. पण खरं सांगायचं तर रंगापेक्षा उजेड किती, हे जास्त महत्त्वाचं आहे. मंद निळा चालेल, भगभगीत नारिंगी नको. आणि इथंच एलईडी लावणाऱ्यांची दुसरी फजिती होते. जुन्या गाड्यांतला डिमर, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटण, हा तारेचा फिरता रेझिस्टर. तो साध्या बल्बाच्या जास्त करंटसाठी मोजून बनवलेला. एलईडी इतका कमी करंट घेतो की डिमर शेवटपर्यंत फिरवला तरी फरक पडत नाही. नव्या गाड्यांत दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद करतात, तिथं एलईडी व्यवस्थित ऐकतो. जुन्या गाडीत मुळातच कमी तेजाचे एलईडी घेणं हाच उपाय.

ज्यांच्या गाडीत पूर्ण पडद्याचं मीटर आहे त्यांनी यातलं काहीच करू नये, मेनूमध्ये जाऊन रंग निवडावा. ही सोय नवी नाही, २००५ च्या फोर्ड मस्टँगमध्ये लाल, हिरवा, निळा मिसळून १२५ रंग निवडता येत होते.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांना अडवतं, आणि मीटरच्या उजेडाचा रंग आरसीवर नसतो. मात्र वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली तर पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल तक्रारीवर कंपनी तेच बोट दाखवेल. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे टेल लाइट एकाच फ्यूजवर असतात, हेही ध्यानात असू द्या. मीटरमध्ये शॉर्ट झाला तर तुम्हाला आकडे दिसणार नाहीत आणि मागच्या ट्रकला तुम्ही.

माझ्या गाडीत शेवटी हिरवी पन्नी आहे तशीच आहे. मागे कमी तेजाचे पांढरे एलईडी, बॅटरीच्या दिव्याला परत तारेचा बल्ब. मीटर आता किंचित निळसर हिरवं दिसतं, मुलाच्या मते "काहीच फरक नाही". ते दहा निळे बल्ब मी १२ व्होल्टच्या एका जुन्या अडॅप्टरला जोडले आणि गेल्या दिवाळीत आकाशकंदिलात लावले. कंदील पांढऱ्या कागदाचा घेतला.